गव्हातील प्रथिने व नायट्रोजनयुक्त खते

गव्हाच्या दाण्यातील प्रथिनांचे प्रमाण वाणाच्या आनुवंशिक गुणांवर, हवामानावर आणि पिकास मिळणाऱ्या नायट्रोजनावर अवलंबून असते. सामान्यतः ते ८ ते १५ टक्के आढळते. गव्हाच्या प्रथिनांत नायट्रोजन सु. १७.५ टक्के असल्यामुळे दाण्यातील नायट्रोजनाचे प्रमाण मोजून त्यास ५.७ ने गुणले म्हणजे प्रथिनांचे प्रमाण मिळते. १२ टक्के प्रथिने असलेल्या गव्हाचे हेक्टरी ४० क्विंटल उत्पन्न आले, तर दाण्यांवाटे सु. ८४ किग्रॅ. नायट्रोजन शेताबाहेर जातो. तो कोणत्या स्वरूपात, किती आणि केव्हा परत द्यावयाचा, या प्रश्नाचा इतिहास म्हणजेच प्रस्तुत विषयाचा इतिहास होय.

प्रारंभीचे संशोधन : इटलीतील बोलोन्या येथील याकोपो बेक्कारी यांनी कणीक पाण्यात धुऊन तिच्यातील चिवट भाग (ग्लुटेन) वेगळा केला आणि त्याची माहिती १७२८ मध्ये विद्वानांपुढे ठेवली. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे जॉन लॉझ व जोझेफ गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये ब्रॉडबॉक या शेतात गव्हावरील खतांचे प्रयोग सुरू केले. ते आजही चालू आहेत. पुरेशा नायट्रोजनाशिवाय केवळ खनिज द्रव्ये देऊन गव्हाचे भरघोस पीक येत नाही, हे या प्रयोगांनी दाखवून दिले. कोपनहेगन येथील योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये नायट्रोजन मोजण्याची सुलभ पद्धत शोधल्यावर दाण्यांतील प्रथिनांची तुलना करणे शक्य झाले. विल्यम क्रुक्स यांनी १८९८ मध्ये ब्रिस्टल येथील भाषणात गहू खाणाऱ्या राष्ट्रांना नायट्रोजनाच्या टंचाईचा इशारा दिला. त्यानंतर फ्रिट्झ हाबर व कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांतून हवेतील नायट्रोजनापासून अमोनिया बनविण्याचा कारखाना जर्मनीत ओपाऊ येथे १९१३ मध्ये सुरू झाला. या सर्व काळात लक्ष मुख्यतः उत्पन्नावर होते. प्रथिने ही त्याच्या मागोमाग येणारी गोष्ट मानली गेली.

भारतातील खतांचा वापर : जे. ए. व्होल्कर यांनी १८८९–९१ या काळात भारतीय शेतीची पाहणी केली. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी शेण गोवऱ्यांच्या रूपाने जळून जाते आणि जमीन नायट्रोजनास मुकते, याकडे लक्ष वेधले. शेणखत, पेंड आणि हरभऱ्यासारख्या द्विदल पिकांचा फेरपालट एवढीच नायट्रोजनाची साधने पुढेही बराच काळ शेतकऱ्याच्या हाती होती. सिंद्री येथील कारखान्यात १९५१ मध्ये अमोनियम सल्फेटाचे उत्पादन सुरू झाले. मुंबईजवळ तुर्भे येथील खत कारखाना १९६५ मध्ये कार्यान्वित झाला. मात्र खत उपलब्ध होऊनही जुने उंच वाण ते पेलू शकत नसत. नायट्रोजन जास्त झाला की, पीक लोळत असे. मेक्सिकोतून १९६६ मध्ये सु. १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणण्यात आले आणि १९६७ मध्ये कल्याणसोना व सोनालिका हे वाण प्रसृत झाले. तेव्हापासून हेक्टरी १०० किग्रॅ. हून अधिक नायट्रोजन देणे व्यवहार्य ठरले.

चांदवड–निफाड परिसर : नासिक जिल्ह्यात चांदवड तालुका डोंगररांगांच्या पायथ्याशी, कमी पावसाच्या पट्ट्यात येतो, त्याला लागून दक्षिणेस गोदावरी खोऱ्यातील निफाड तालुका आहे. निफाडजवळ कुंदेवाडी येथे १९३२ पासून गव्हाचे संशोधन चालू असून ते केंद्र पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आले. आरंभी तेथील कामाचा भर तांबेरा रोगावर होता. निफाड ४ आणि केनियातील गव्हाशी संकर करून काढलेले केनफाड वाण ही त्याची फळे होत. त्र्यंबक, तपोवन व गोदावरी या नंतरच्या वाणांच्या माहितीत उत्पन्नाबरोबर प्रथिनांचे प्रमाणही नोंदविले जाते.

या भागात पूर्वी जिरायत बन्सी व बागायत खपली गहू होत असे. जिरायत गव्हात प्रथिने जास्त दिसतात, कारण ओल कमी पडल्याने दाण्यात पिष्ठ (स्टार्च) पुरेसे साठत नाही. मार्चमधील उष्ण्याने दाणा सुरकुतला तरी हेच घडते. अशा वेळी प्रथिनांची टक्केवारी वाढते, पण हेक्टरी मिळणारी प्रथिने घटतात. त्यामुळे केवळ टक्केवारीवरून व्यवस्थापनाची पारख करता येत नाही. चांदवडमध्ये विहिरीच्या पाण्यासाठी गव्हाला कांद्याशी स्पर्धा करावी लागते. म्हणून पाण्याच्या जितक्या पाळ्या खात्रीने देता येतील, तितक्याच प्रमाणात खत देणे हिताचे ठरते.

नायट्रोजन देण्याची वेळ : महाराष्ट्रात वेळेवर पेरलेल्या बागायत गव्हास हेक्टरी १२० किग्रॅ. नायट्रोजन, ६० किग्रॅ. स्फुरद व ४० किग्रॅ. पालाश देण्याची शिफारस आहे. निम्मा नायट्रोजन पेरणीच्या वेळी दोन चाड्यांच्या पाभरीने आणि उरलेला सु. तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटताना, पहिल्या पाण्याच्या वेळी देतात. जिरायत पिकास ४० किग्रॅ. पुरे होतो. नायट्रोजनाची तीव्र उणीव असलेल्या जमिनीत पहिला हप्ता प्रायः उत्पन्न वाढविण्यातच खर्च होतो. कधीकधी प्रथिनांची टक्केवारी त्याने उलट घटते. पुढील हप्त्याने दोन्ही वाढतात. उत्पन्न कमाल मर्यादेजवळ पोहोचल्यावर मिळालेला नायट्रोजन मुख्यतः प्रथिनांत जातो. फुलोऱ्यापूर्वी पाने व खोड यांत साठलेला नायट्रोजन दाणा भरताना ओंबीकडे वाहून नेला जातो. म्हणूनच कांडी धरल्यापासून फुलोऱ्यापर्यंत दिलेला थोडा नायट्रोजन, किंवा यूरियाच्या सौम्य द्रावणाची फवारणी, प्रथिनांच्या दृष्टीने अधिक उपयोगी पडते. या भागातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीवर यूरिया उघडा टाकल्यास अमोनिया हवेत उडून जातो. तो मातीत मिसळणे किंवा लगेच पाणी देणे आवश्यक असते.

गंधकाचेही येथे महत्त्व आहे. ग्लुटेनाचा चिवटपणा गंधकयुक्त बंधांवर अवलंबून असतो. अमोनियम सल्फेटात सु. २४ टक्के गंधक असते, तर ४६ टक्के नायट्रोजन असलेल्या यूरियात ते मुळीच नसते. यूरिया स्वस्त व सोयीचा म्हणून रूढ झाला आणि पूर्वी खताबरोबर आपोआप मिळणारे गंधक वेगळे देण्याची गरज निर्माण झाली.

मर्यादा व बाजारव्यवस्था : नायट्रोजनामुळे प्रामुख्याने ग्लुटेनमधील प्रथिने वाढतात, त्यांत लायसीन हे आवश्यक ॲमिनो अम्ल कमी असते. त्यामुळे पोषणमूल्य टक्केवारीच्या प्रमाणात वाढत नाही आणि पोळीबरोबर डाळ खाण्याची प्रथा शास्त्रशुद्ध ठरते. पिकाने न घेतलेला नायट्रोजन नायट्रेटच्या रूपाने विहिरींच्या पाण्यात उतरतो. फॉस्फेट व पालाशयुक्त खतांवरील किंमत-नियंत्रण १९९२ मध्ये उठल्यावर यूरिया तुलनेने अधिकच स्वस्त झाला आणि त्याचा असमतोल वापर वाढला. २०१५ पासून देशी यूरियास कडुनिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे करण्यात आले.

ऑस्ट्रेलियात उच्च प्रतीच्या कठीण गव्हात किमान १३ टक्के प्रथिने असावी लागतात आणि प्रतवारीप्रमाणे भाव ठरतो. भारतात आधारभूत किमतीने होणाऱ्या खरेदीत ओलावा, कचरा, सुरकुतलेले व फुटके दाणे यांची तपासणी होते. प्रथिने मोजली जात नाहीत. उशिरा दिलेल्या नायट्रोजनाचा खर्च शेतकरी करतो, त्याचा मोबदला मात्र वजनात दिसत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने जिरायत शेतीसाठी काढलेल्या एमएसीएस ४०२८ या बन्सी वाणात सु. १४.७ टक्के प्रथिने असल्याचे नमूद आहे. वाण आणि खतांचे ज्ञान अशा रीतीने पुढे गेले आहे. ते शेतात उतरण्यासाठी दाण्याच्या वजनाबरोबर त्याच्या गुणांचीही किंमत होणे आवश्यक आहे.