सामाजिक दायित्व, कंपन्यांचे

सामाजिक दायित्व, कंपन्यांचे : (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी; सीएसआर). कंपनीने केवळ भागधारकांपुरते न पाहता कामगार, ग्राहक, पुरवठादार, कारखान्याभोवतीची वस्ती आणि निसर्ग यांच्याविषयीही जबाबदारी मानावी, हे तत्त्व. व्यवसायनीतीशी त्याचे नाते जवळचे असले, तरी दोन्ही एक नव्हेत. नफा कसा कमावला, हा व्यवसायनीतीचा प्रश्न आहे. त्या नफ्यातला किती वाटा समाजासाठी खर्च केला, एवढाच सीएसआरचा अर्थ भारतीय कायद्याने प्रामुख्याने धरला आहे. या दोहोंतले अंतर लक्षात घेतल्याशिवाय भारतातील सीएसआर नीट समजत नाही.

कायद्याच्या कितीतरी आधी ही जाणीव येथील काही उद्योगांत रुजलेली होती. जमशेटजी टाटांनी 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तेथे 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि 1895 मध्ये अपघात भरपाईची तजवीज झाली. कामगारांच्या नुकसानभरपाईचा देशव्यापी कायदा 1923 साली आला. टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात 1912 पासून आठ तासांचा दिवस होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना त्यांनी पहारेकऱ्याचे काम दिले. ज्यांना गाव उंबऱ्यावर उभे करत नव्हते, त्यांच्याच हाती कारखान्याची राखण सोपवली. यातले काहीही दानधर्माच्या खात्यावर टाकलेले नव्हते. ते धंदा चालवण्याच्या रीतीतच होते आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक आहे. महात्मा गांधींनी मांडलेली विश्वस्ताची कल्पनाही याच जातीची : संपत्ती मालकाच्या ताब्यात असली, तरी तिचा तो केवळ राखणदार.

अमेरिकेत अर्थतज्ज्ञ हॉवर्ड बोवेन यांच्या 1953 च्या ग्रंथापासून या विषयाची शास्त्रीय चर्चा सुरू झाली, असे मानतात. नियम पाळून नफा मिळवणे हेच कंपनीचे सामाजिक कर्तव्य, असा उलट पक्ष अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 साली मांडला.

भारतात कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 135 ने सीएसआर बंधनकारक केले. ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू झाली. आदल्या आर्थिक वर्षात 500 कोटी रुपये वा अधिक नक्त मूल्य, 1,000 कोटी वा अधिक उलाढाल किंवा 5 कोटी वा अधिक निव्वळ नफा, यांपैकी एक अट पुरी करणारी कंपनी तिच्या कक्षेत येते. तिने लगतच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम याच अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीतील कामांवर खर्च करावी लागते. त्यांत शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, पर्यावरण, वारसास्थळे, ग्रामविकास इत्यादी येतात. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाची कामे आणि राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या त्यात धरत नाहीत. प्रारंभी खर्च न झाल्यास संचालक मंडळाच्या अहवालात कारण दिले की भागत असे. जानेवारी 2021 पासून ती पळवाट बंद झाली. चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवून तीन वर्षांत खर्चावे लागतात. एरवीची शिल्लक सरकारी निधीत जमा होते. कसूर झाल्यास दंड आहे. 2019 च्या दुरुस्तीत कैदेचीही तरतूद होती, पण ती अमलात येण्यापूर्वीच वगळण्यात आली.

कायदा खर्च मोजतो. सचोटी मोजण्याचे माप त्याच्याकडे नाही. या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात, याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे कायद्याच्या आधीचे सत्यम कॉम्प्युटर्स या संगणक कंपनीचे प्रकरण. तिचे संस्थापक रामलिंग राजू आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या पाठबळाने 2005 साली हैदराबादेत 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. फोन लावताच रस्त्यावरच्या जखमीपर्यंत किंवा अडलेल्या बाळंतिणीपर्यंत गाडी पोहोचवणारी ही व्यवस्था पुढे अनेक राज्यांनी उचलली. तिने असंख्य जीव वाचवले, हे निर्विवाद आहे. कंपनी कारभारासाठी सत्यमला 2008 साली पुरस्कारही मिळाला. त्याच काळात कंपनीचा ताळेबंद खोटा होता. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात राजू यांनी स्वतःच कबुली दिली, की पुस्तकात दाखवलेल्या 5,361 कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. मुदत ठेवींच्या पावत्या बनावट निघाल्या. वर्षानुवर्षे लेखापरीक्षकांच्या सह्या होत गेल्या. स्वतंत्र संचालकांनाही काही खटकले नाही. 2015 साली विशेष न्यायालयाने राजू यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. रुग्णवाहिका खरी होती आणि शिल्लक खोटी. एकीच्या पुण्याने दुसरीचे पाप फिटत नाही, तसेच दुसरीमुळे पहिलीचे मोलही नाहीसे होत नाही. दोन्हींचे हिशेब स्वतंत्रपणेच तपासावे लागतात.

अंमलबजावणीतही उणिवा आहेत. स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे, असे कलम सांगते. त्यामुळे पैसा जेथे कारखाने आणि मुख्यालये तेथेच साचतो. राज्यवार खर्चात महाराष्ट्र सातत्याने आघाडीवर दिसतो, पण त्यातून मुंबई-पुण्याचे बळ कळते, गडचिरोली-नंदुरबारची गरज नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळेत कंपनीच्या नावाची पाटी लावलेले पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसते, उद्घाटनाचे फोटो अहवालात छापले जातात. पुढे फिल्टर बदलायला पैसा कोण देणार, हे करारात नसेल तर मुले पुन्हा हातपंपावर जातात. त्याच कंपनीच्या आवारात ठेकेदाराकडचा कामगार किमान वेतनावर, भविष्य निर्वाह निधीच्या भरण्याविना राबत असला, तरी सीएसआर अहवालात त्याला रकाना नाही.

ही फट बुजवण्याचा प्रयत्न भागबाजाराची नियामक संस्था सेबीने केला आहे. बाजारमूल्याने पहिल्या 1,000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा झाला. त्यात कायम आणि इतर कामगारांची संख्या, वेतन, अपघात, पाण्याचा वापर, उत्सर्जन, तक्रारी यांची माहिती द्यावी लागते. भागबाजारात नोंद नसलेल्या कंपन्या मात्र या सक्तीबाहेर आहेत. मग त्यांच्याकडे कितीही माणसे ठेक्यावर काम करोत.