शिर्डीच्या रनवेवर कुठला रंग?

आजचा भाग आकाशातला आहे, पण टेक-ऑफ आपल्याच जिल्ह्यातून, शिर्डीहून.

फ्लाइट सिम्युलेटर खेळणाऱ्यांना 'लिव्हरी' म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. विमानाच्या अंगावरचा कंपनीचा रंग, नाव, शेपटीवरचं चिन्ह, हे सगळं मिळून लिव्हरी. गेममध्ये ती म्हणजे विमानावर चढवलेलं एक चित्र असतं. जगभरातली हौशी मंडळी ते स्वतः रंगवतात आणि बऱ्याचदा फुकट वाटतात. त्याला म्हणतात रीपेंट. मग वाद सुरू होतात: लाल जरा भडक झालाय, पट्टी दोन खिडक्या पुढे गेलीय...

एवढा कीस कशाला पाडायचा? कारण लिव्हरीवरून तारीख कळते.

शिर्डीचंच बघा ना. काकडी गावाजवळच्या या विमानतळाचं उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ ला तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झालं. मुंबईचं पहिलं विमान अलायन्स एअरचं. ही तेव्हा एअर इंडियाची उपकंपनी होती. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिली. पुढे १० ऑगस्ट २०२३ ला एअर इंडियाने आपली नवी लिव्हरी दाखवली. आता कुणी २०१७ चा तो पहिला दिवस गेममध्ये उभा केला आणि रनवेवर एअर इंडियाचं आजचं विमान ठेवलं, तर सहा वर्षांची चूक झाली! आणि बाहेरच्या पाटीवर 'अहिल्यानगर' लिहिलं, तर तीही चूकच. जिल्ह्याचं नाव बदललं २०२४ मध्ये. २०१७ च्या पाटीवर अहमदनगरच हवं.

आता जरा मागे जाऊ, १९७१ मध्ये. एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७४७ मुंबईत आलं. नाव 'एम्परर अशोक', नोंदणी व्हीटी-ईबीडी. प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोक्याची कमान रंगवलेली, जणू आकाशातला राजवाडा. ते होतं ७४७-२०० जातीचं. वरचा मजला आखूड, पंखांची टोकं सरळ. ७४७-४०० चा वरचा मजला लांब आणि पंखांच्या टोकांना वर वळलेले विंगलेट. त्यामुळे ४०० च्या मॉडेलवर 'एम्परर अशोक' लिहिलं, की रंग कितीही हुबेहूब असू दे, विमानच चुकलं.

अजून एक गंमत. एअर इंडियाच्या विमानांवर एका बाजूला नाव इंग्रजीत आणि दुसऱ्या बाजूला देवनागरीत असायचं. काही जुन्या मॉडेल्समध्ये दोन्ही बाजूंना एकच चित्र वापरलेलं असतं. मग देवनागरी येणार कुठून? आणि परदेशातल्या कलाकाराने ती काढली, तरी अनुस्वार सुटला की आपल्याला लगेच खटकतं. ही चूक पकडायला महागडा कॉम्प्युटर लागत नाही. मराठी वाचता आलं की झालं.

आता जरा गंभीर गोष्ट. १ जानेवारी १९७८ च्या रात्री हेच 'एम्परर अशोक' मुंबईहून दुबईला निघालं आणि काही क्षणांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. विमानातले सगळे, २१३ जण गेले. ते विमान आता पुन्हा कधी दिसणार नाही. उरलेत ते फोटो, लोकांच्या आठवणी आणि कुणीतरी रात्र जागून रंगवलेलं ते गेममधलं विमान. त्या २१३ जणांपैकी कुणाच्या घरातला नातू उद्या ते मोबाइलवर बघेल आणि विचारेल, "आजोबा ह्याच विमानात होते का?" तेव्हा कमानी, नाव आणि नोंदणीची अक्षरं बरोबर असायला हवीत.

म्हणून पुढच्या वेळी रीपेंट डाउनलोड करताना तीन प्रश्न विचारा: विमान कुठल्या जातीचं? बाजू कुठली? तारीख कुठली? तिन्ही उत्तरं जुळली, तर खुशाल उडवा. नाही जुळली, तर बनवणाऱ्याला दोन ओळी लिहून कळवा, जुना फोटो जोडा आणि भाषा जरा गोड ठेवा. बिचाऱ्याने फुकटात केलंय!

भेटू पुढच्या भागात.