शिरूर-दौंडकडील मृत्युपत्रें व न्यास : कागद कसा पाहावा

घोड व भीमा या नद्यांच्या कांठचीं दप्तरें चाळतांना, मूळ पुरुषानें आपल्या मालमत्तेची काय व्यवस्था लाविली हें जाणण्यासाठीं संग्राहक प्रथम मृत्युपत्र शोधतो. तें न मिळाल्यास व्यवस्थाच झाली नव्हती, असें अनुमान काढण्यांत येतें. हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं.

आपल्या धर्मशास्त्रग्रंथांत दाय, दत्तक व दान यांचीं प्रकरणें आहेत. मृत्युपत्राचें स्वतंत्र प्रकरण नाहीं. म्हणून ज्यास वारसा पोंचणार नाहीं त्याची तरतूद हयातींतच दानानें करावी लागे. शिरूर तालुक्यांतील पाबळ हें याचें ठळक उदाहरण होय. बाजीराव पेशव्यांनीं हा गांव मस्तानीस इनाम दिला; इ. स. १७४० त दोघेंहि निवर्तलीं, व मस्तानीची कबर तेथेंच आहे. येथें मृत्युपत्राचें काम इनामानें केलें.

इंग्रजी अमलांत इ. स. १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनानें वारस व मृत्युपत्राचे व्यवस्थापक यांना मान्यता देण्याची रीत घातली. वारस-दाखले आजहि त्याच आधारें मिळतात. इ. स. १८७० चा हिंदु मृत्युपत्रांचा कायदा मुंबई शहरास लागू झाला, शिरूर-दौंडसारख्या मुफसलास नाहीं. परिणामीं इकडील हिंदूचें तोंडी मृत्युपत्रहि ता. ३१ डिसेंबर १९२६ पर्यंत ग्राह्य होतें. त्यापुढें केलेल्या मृत्युपत्रास लेख, सही व दोन साक्षीदार अवश्य झाले. तेव्हां १९२७ पूर्वींचा कागद नाहीं म्हणून मृत्युपत्र नव्हतें, असें म्हणतां येत नाहीं. त्याचा माग दिवाणी दाव्यांतील जबान्यांत घ्यावा.

उलटपक्षीं, लेख आहे म्हणून तो अमलांत आलाच असेंहि नव्हे. इ. स. १८७४ च्या कायद्यानें पाटील-कुळकर्ण्यांस आपलें वतन सरकारच्या मंजुरीवांचून वतनी घराण्याबाहेर स्वतःच्या हयातीपलीकडे देतां येत नसे. एकत्र कुटुंबांतील अविभक्त हिस्साहि इ. स. १९५६ पर्यंत मृत्युपत्रानें देतां येत नव्हता.

मथळ्यावर विसंबूं नये, हीच यांतली मुख्य गोष्ट. ‘माझे पश्चात्’ द्यावें असा आशय असून लिहिणारास तो फिरवितां येत असेल, तर तें मृत्युपत्र. ‘आजपासून दिलें’ असें असेल तर तें बक्षीसपत्र, मग वर कांहींहि लिहिलेलें असो. मालकी एकाकडे ठेवून उपभोग दुसऱ्यासाठीं नेमिला असेल तर तो न्यास. देवस्थानाच्या बाबतींत देव हाच मालक, व पुजारी किंवा पंच हे केवळ वहिवाटदार असतात. इ. स. १९५० च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्यानें अशा संस्थांची नोंदणी आवश्यक केली, व स्थावर विकण्यास धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागूं लागली. जुनें दानपत्र चुकीच्या नांवानें नोंदलें गेलें, तर देवाची जमीन खासगी ठरण्याचा संभव असतो. म्हणून पाठीवरील शेरा, साक्षीचीं नांवें व जोडपत्रें मूळ कागदापासून कधींहि वेगळीं करूं नयेत.

शेवटीं एक विनंति. तोंडी मृत्युपत्राची मुदत ज्या दिवशीं संपली, त्याच दिवशीं, ता. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं, इतिहासाचार्य राजवाडे धुळें येथें वारले. त्यांचे कागद तेथील संशोधन मंडळामुळें राहिले. सर्वांचें नशीब तसें नसतें. आयुष्यभर जमविलेलीं बाडें धन्याच्या मागें रद्दीच्या भावानें जातात, व त्यांबरोबर गांवोगांवचे हक्कहि नाहींसे होतात. मृत्युपत्रास स्टांप लागत नाहीं, नोंदणी ऐच्छिक आहे. बंद लखोटा जिल्हा निबंधकाकडे ठेवतां येतो. तेव्हां ज्यांच्या घरीं दप्तर आहे त्यांनीं तें कोणाच्या स्वाधीन व्हावें हें दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावें, व सोबत कागदांची यादी जोडावी. दुसऱ्यांचीं मृत्युपत्रें जपणाऱ्यानें स्वतःचें न लिहितां जाणें योग्य नव्हे.