ई-रीडरची निवड आणि देवनागरीची वाट

ई-रीडर कोणता घ्यावा, असा प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्यांकडून हल्ली वारंवार विचारला जातो. उत्तरादाखल बहुधा पडद्याचा आकार, बॅटरी आणि किंमत यांची तुलना केली जाते. मराठी ग्रंथांच्या अभ्यासकाला मात्र तेवढ्यावरून निर्णय करता येणार नाही. या यंत्रांच्या इतिहासात आपली लिपी कोठे होती आणि विकत घेतलेल्या ग्रंथांचे पुढे काय झाले, हे दोन प्रश्न त्याने आधी विचारावेत, असे आम्हांस वाटते.

नव्या यंत्राने देवनागरीला ताटकळत ठेवावे, हे प्रथमच घडले असे नाही. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले ते बंगालातील श्रीरामपूर येथे. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापाचा मार्ग पत्करला. शिळाछापात हाताने लिहिलेले पानच दगडावरून उमटते. जोडाक्षरांसाठी वेगळे खिळे पाडावे लागत नाहीत. देवनागरी खिळ्यांना सुबकतेची प्रतिष्ठा लाभण्यात जावजी दादाजी यांच्या, १८६९ मध्ये स्थापन झालेल्या, निर्णयसागर छापखान्याचा वाटा मोठा आहे. शिळाछाप आणि खिळाछाप यांतील हा भेद ध्यानात ठेवावा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

ई-पुस्तकाचा आरंभ सामान्यतः १९७१ पासून मानला जातो. त्या वर्षी मायकेल हार्ट यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित केला आणि त्यातून ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ उभा राहिला. तो मजकूर केवळ मोठ्या लिपीतील रोमन अक्षरांत होता. यंत्राला लहान अक्षरे ठाऊक नव्हती. हातात धरून वाचण्याची रॉकेट ई-बुक व सॉफ्टबुक ही यंत्रे १९९८ मध्ये आली, परंतु त्यांचा पडदा उजेड फेकणारा होता. २००४ मध्ये जपानात आलेल्या सोनीच्या ‘लिब्रिए’ने ई-इंकचा पडदा आणला. त्यात काळे आणि पांढरे विद्युत्‌भारित कण सूक्ष्म कुप्यांतून वरखाली होतात आणि एकदा स्थिरावले की पान दिसत राहण्यासाठी वीज लागत नाही. बाहेरच्या प्रकाशात कागदासारखे वाचता येऊ लागले ते येथून. नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनचे किंडल आले, आणि यंत्र व दुकान एकाच हाती गेले.

या पहिल्या किंडलवर देवनागरीची सोय नव्हती. वस्तुतः देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्थान होते. पण अक्षराला क्रमांक मिळणे वेगळे आणि पडद्यावर ते यथास्थित उमटणे वेगळे. वेलांटी व्यंजनाच्या आधी यावी, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर बसावा, जोडाक्षरे एकजीव व्हावीत, यासाठी यंत्रात स्वतंत्र व्यवस्था लागते. ती नसेल तर पाय मोडलेल्या अक्षरांची रांग तेवढी दिसते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हा भेद मराठीच्या प्रत्येक अध्यापकाने वर्गात शिकवला असेल. यंत्राने तो पुसला तर गुरूला पाकशाळेत जावे लागते! ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. शिवाय आपल्या अनेक प्रकाशकांची अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या प्रणालींतील जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत झालेली होती. तो मजकूर रूपांतर व पुन्हा मुद्रितशोधन केल्यावाचून ई-पुस्तकात आणता येत नसे. किंडलवर मराठी पुस्तके रीतसर विक्रीस आली ती डिसेंबर २०१६ मध्ये; हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्यासमवेत. इंग्रजी वाचकाच्या मागून नऊ वर्षांनी.

दुसरा प्रश्न ग्रंथाच्या स्वामित्वाचा. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने विक्रेत्याच्या हक्कांच्या वादावरून ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. त्यांपैकी एक ‘१९८४’ होते, हा योगायोग बोलका आहे. त्याबद्दल कंपनीने पुढे क्षमा मागितली. सोनीने २०१४ मध्ये अमेरिकेतील आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले दुकान मिटवताना पैसे परत दिले, पण पुस्तके वाचकांकडून गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने किंडलमध्ये घालण्याची सोय काढून टाकली. घरच्या कपाटातील पुस्तक दुकान बुडाले म्हणून नाहीसे होत नाही. येथे ते होऊ शकते.

आता निवडीकडे वळू. मराठीतील दुर्मीळ ग्रंथ आज बहुतांशी स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात मिळतात. पीडीएफ हा आजचा शिळाछाप होय. पानाचे चित्र जसेच्या तसे येते, जोडाक्षर मोडत नाही, पण अक्षर मोठे केले तर ओळ नव्याने जुळत नाही आणि सहा इंची पडद्यावर ते पान डोळ्यांना छळते. अशा ग्रंथांवर ज्यांचे काम आहे त्यांनी दहा इंचांच्या आसपासचा पडदा घ्यावा. युनिकोडमधील ईपब ही खिळ्यांची छपाई. तेथे लहान पडदा चालतो, शोध घेता येतो. कोबोसारख्या यंत्रावर ईपब थेट उघडते. किंडलवर ते रूपांतर होऊन येते. विकत घेण्यापूर्वी रफार, ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ असलेले एक पान त्यावर उघडून पाहावे. फाइलची प्रत स्वतःजवळ ठेवता येते का आणि समासातील टिपा बाहेर काढता येतात का, याचीही खात्री करावी. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची चार वर्षांची मेहनत त्या टिपांत असते.

यंत्र पाच-सात वर्षांत जुने होईलच. आपला ग्रंथसंग्रह त्याच्यासोबत जुना होऊ नये, एवढे पाहिले तरी निवड साधली असे म्हणता येईल.