मामेन, झान
मामेन, झान : (२१ नोव्हेंबर १८९० – २२ एप्रिल १९७६). जर्मन चित्रकर्त्री. जन्म बर्लिनचा, पण बालपण पॅरिसमध्ये संपन्न व्यापारी घरात गेले. पॅरिस, ब्रुसेल्स व रोम येथील शिक्षण आटोपून ती स्थिरावत होती, तोच १९१४ चे महायुद्ध उद्भवले, शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून फ्रेंच सरकारने कुटुंबाची मालमत्ता जप्त केली, आणि जन्माने आपल्या पण परिचयाने परक्या अशा बर्लिनमध्ये फॅशनची चित्रे व चित्रपटांच्या जाहिराती काढून पोट भरण्याची पाळी तिच्यावर आली. कुरफ्युर्स्टेनडाम या हमरस्त्यावरील २९ क्रमांकाच्या इमारतीत, मागील अंगास चौथ्या मजल्यावर, १९२० पासून अखेरपर्यंत तिचे बिऱ्हाड व चित्रशाळा होती.

‘झिम्प्लिसिसिमुस’, ‘युगेंट’, ‘उल्क’ इ. नियतकालिकांसाठी तिने पेन्सिल व जलरंगांत रेखिलेली बर्लिनची नर्तकी, विक्रेत्या, वारांगना व उपाहारगृहांत एकट्या बसलेल्या स्त्रिया हे तिचे खरे कर्तृत्व होय. समकालीन पुरुष चित्रकारांच्या, विशेषतः ग्रोस व डिक्स यांच्या चित्रांत अशी स्त्री बहुधा भोग्य वस्तू तरी असते किंवा भयप्रद तरी. मामेनच्या चित्रांत ती कंटाळते, हिशेब करते आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या स्त्रीकडे पाहते. ‘कंटाळवाण्या बाहुल्या’ (सु. १९२९) या चित्रातील आखूड केसांच्या दोन तरुणी कोणासाठीच नटलेल्या वाटत नाहीत. ‘ती प्रतिनिधित्व करते’ (सु. १९२८) मधील नायिका पुरुषी उंच टोपी घालून नृत्याच्या गर्दीत अशा ऐटीने उभी आहे, की तिला विचित्र ठरविण्याचे धार्ष्ट्य प्रेक्षकास होऊ नये. टुखोल्स्कीसारख्या तिखट लेखकाने १९२९ मध्ये तिची प्रशंसा केली होती.

प्रकाशक व्होल्फगांग गुर्लिट याने तिच्याकडून ‘बिलिटिसची गीते’ या पुस्तकासाठी शिळामुद्रिते करविली (१९३०–३२). मूळ लेखक पिएर लुइस याने ही काव्ये प्राचीन ग्रीक कवयित्रीची म्हणून १८९४ मध्ये खपविली होती. मामेनने ते बनावट ग्रीस बाजूस सारून परस्परांवर अनुरक्त अशा स्त्रिया आपल्या काळच्या बर्लिनच्या शयनगृहांत व मद्यालयांत आणून बसविल्या. लुइसच्या कामुक स्वप्नाहून ही चित्रे किती तरी शांत व म्हणूनच अधिक धीट आहेत. नाझी राजवट येताच हा उपक्रम बंद पडला.

१९३३ नंतर सरकारच्या ताब्यातील नियतकालिकांसाठी काम न करता तिने काही काळ हातगाडीवर जुनी पुस्तके विकली. १९३७ मध्ये पॅरिसला पिकासोचे ‘गेर्निका’ पाहिल्यावर तिची शैली घनवादाकडे वळली. फ्रेंच कवी रँबोच्या ‘इल्युमिनेशन्स’ चा तिचा जर्मन अनुवाद १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरकाळातील अमूर्त चित्रांत मिठाईच्या चकचकीत वेष्टनांचे तुकडेही तिने चिकटविले आहेत.