१२७ दात्यांच्या चाकाची कुळकथा

लेथच्या हेडस्टॉकचं डावीकडचं झाकण उघडलं की दातेरी चाकांची साखळी दिसते. वर काम फिरवणारा स्पिंडल, खाली टूल सरकवणारा लीड स्क्रू, आणि दोघांच्या फिरण्याचं प्रमाण ठरवणारी चेंज गिअर. या चाकांचे दाते बहुधा २०, ४०, ५०, ६० असे सोयीच्या आकड्यांत असतात. त्यांच्यात एखादं मोठं चाक मात्र १२७ दात्यांचं निघतं. १२७ ही मूळ संख्या. तिचे भाग पडत नाहीत. असा अडेल आकडा लेथवर का आला, याची कथा दोन शहरांत सुरू होते.

१७९९ साली पॅरिसमध्ये प्लॅटिनमची एक पट्टी प्रमाण मीटर म्हणून जतन करण्यात आली. त्याच सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले आटे पाडणारा लेथ घडवत होता. १७९७च्या त्याच्या पहिल्या यंत्रात दुसऱ्या पिचचे आटे हवे असतील तर लीड स्क्रूच बदलावा लागे. १८००च्या आसपासच्या पुढच्या यंत्रात त्यानं लीड स्क्रू एकच ठेवला आणि बदलायची चाकं बसवली. या कल्पनेचं रेखाटन लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत तीनशे वर्षं आधी सापडतं. मॉडस्लेनं ती लोखंडात उतरवून रोजच्या कामाची केली. प्रत्येक पिचसाठी नवा स्क्रू करण्याचं जिकिरीचं काम संपलं, त्याची जागा अंकगणितानं घेतली.

मॉडस्लेचं माप अर्थात इंचाचं. त्याच्या वारशातले ब्रिटिश लेथ इंची लीड स्क्रू घेऊनच जगभर गेले. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये तयार झालेला मायफर्ड एमएल-७ हा १९४६चा घरगुती लेथ घ्या. त्याच्या लीड स्क्रूवर इंचाला ८ आटे. म्हणजे स्क्रूचा एक फेरा झाला की टूल धरणारं सॅडल ३.१७५ मिलिमीटर सरकतं. आता त्यावर १ मिलिमीटर पिचचे आटे पाडायचे, तर स्पिंडलच्या एका फेऱ्यात लीड स्क्रू १ भागिले ३.१७५ इतकाच फिरायला हवा. हा अपूर्णांक सोडवला की ४० छेद १२७ उरतात. पॅरिस आणि लंडनच्या मापांचा मेळ इथे बसतो: इंचाचे २५.४ मिलिमीटर, २५४ म्हणजे दोन गुणिले १२७, आणि १२७ पुढे फुटत नाही. म्हणून तेवढ्या दात्यांचं चाकच लागतं.

पण २५.४ हा नेमका आकडा तरी कुठला? ब्रिटनचा जुना इंच त्याहून कणभर लहान होता, अमेरिकेचा कणभर मोठा. कार्ल एडवर्ड योहान्सन या स्वीडिश कारागिरानं मापाच्या स्लिप गेज बनवताना मधला २५.४ हा आकडा धरला. त्याच्या गेज कारखान्यांत इतक्या रुजल्या की ब्रिटनच्या उद्योगांनी १९३०मध्ये आणि अमेरिकेच्या उद्योगांनी १९३३मध्ये तोच आकडा प्रमाण मानला. १ जुलै १९५९पासून तो आंतरराष्ट्रीय इंच झाला. त्या दिवसापासून १२७चं चाक मापाला तंतोतंत खरं ठरलं.

आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा, तरी इंच गेला नाही. घरातला अर्धा इंची नळ आजही बीएसपी आट्यांचाच असतो, इंचाला १४. मेट्रिक लीड स्क्रूच्या लेथवर ते आटे पाडायचे तर हेच १२७ उलट्या बाजूनं लागतं.

घरच्या छोट्या लेथवर अडचण जागेची येते. चिनी बनावटीच्या मिनी लेथची चेंज गिअर १ मॉड्यूलची, म्हणजे दर दात्यामागे पिच व्यासात १ मिलिमीटर भरणारी, असतात. त्या मापात १२७ दात्यांचं चाक बाहेरून १२९ मिलिमीटर भरतं, आणि लेथच्या सेंटरची उंची जेमतेम ९०. झाकणाखाली ते मावतच नाही. इथे हौशी कारागिरांनी मॉडस्लेचाच मार्ग धरला: लोखंडानं अडलं तर अंकगणित बदलायचं. १२७ छेद १०० याच्या अगदी जवळ ८० छेद ६३ येतं. मग ४० छेद १२७ ऐवजी २० आणि ६३ चालवणारी, ५० आणि ८० चालणारी, अशी चार चाकं लावता येतात. फरक पडतो तो १०० मिलिमीटर लांबीत एका मिलिमीटरच्या ऐंशीव्या भागाचा. २० मिलिमीटरच्या नटात तो अडीच मायक्रॉन होतो, तिथे त्याची दखलही घ्यायला नको. लांबलचक लीड स्क्रू करायचा असेल तर मात्र फरक साठत जातो. तिथे १२७च हवं.

६३चं चाक घरी पाडता येतं. पत्र्याच्या पट्टीवर ८ मिलिमीटर अंतरानं ६४ भोकं पाडायची. लाकडी तबकडी लेथवरच थोडी थोडी कातत न्यायची, पट्टी गुंडाळल्यावर पहिलं आणि चौसष्टावं भोक एकावर एक येऊन एकच पिन दोन्हीतून जाईपर्यंत. तबकडीचा व्यास १६० मिलिमीटरच्या आसपास येतो. भोकात पाव मिलिमीटरची चूक राहिली, तरी ६३ मिलिमीटरच्या पिच व्यासावर ती ०.१ इतकीच उरते. तबकडी स्पिंडलच्या मागच्या टोकाला, ६५ मिलिमीटर व्यासाचं पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं ब्लँक चकमध्ये मँड्रेलवर, आणि क्रॉस स्लाइडवर कटर. मॉड्यूल कटरच्या आठांच्या संचातला ५५ ते १३४ दात्यांचा एकच कटर ६३ आणि ८० दोन्ही पाडतो.

एक पथ्य प्रत्येक टर्नरला ठाऊक असतं. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट मध्येच सोडायचा नाही. तो पुन्हा कधी जोडायचा ते दाखवणारा थ्रेड डायल इथे उपयोगाचा नाही, सोडलेली जागा पुन्हा सापडत नाही. टूल मागे घेऊन अख्खा लेथ उलटा फिरवायचा. म्हणूनच अनेक जण स्पिंडलच्या मागच्या टोकाला हातानं फिरवायचा दांडा बसवतात. खांद्यापाशी संपणारे आटे त्यामुळे न घाबरता पुरे करता येतात.

अशी चाकं विकतही मिळतात. तरीही छोटा लेथ ज्याच्या घरी आहे, त्यानं पहिलं चाक स्वतः पाडावं असं मला मनापासून वाटतं. गुणोत्तर सोडवणं, वर्तुळ वाटणं आणि दाता कापणं ही तिन्ही कामं त्या एका चाकात हाताखालून जातात. पुढे १२७ छेद १०० साठी ३७ आणि ४७ची जोडी लागली, की नवी पट्टी, ३५ ते ५४ दात्यांचा कटर आणि एक सुट्टीचा दिवस पुरतो.