रेवडीच्या कुस्त्या कोण बघतं?

परवा औसा तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत कुस्त्या बघायला गेलो होतो. पत्रिकेत वेळ तीनची होती, मी अडीचलाच पोचलो. हलगीवाला हलगी शेकत होता. लाल मातीवर पाणी मारणं चाललं होतं. पंचमंडळी अजून जेवणावर. मैदानाच्या कडेला मात्र आठ-दहा वर्षांची पोरं कपडे काढून, नुसत्या चड्डीवर तयार उभी होती.

यात्रा कमिटीतले एक काका म्हणाले, "आत्ताच कशाला आलात पत्रकार? खऱ्या कुस्त्या सहाला सुरू होतील."

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. खऱ्या कुस्त्या म्हणजे नेमक्या कोणत्या?

आपल्याकडे फडाची रीत जुनी आहे. सुरुवात रेवडीच्या, नारळाच्या कुस्त्यांनी. मग दहा-वीस रुपये, मग एक्कावन्न, एकशे एक, असं चढत चढत शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत. खालच्या कुस्त्यांना फॉर्म नाही, फी नाही, वजनकाटाही नाही. पोरगं हात वर करून मैदानाला फेरी मारतं, दुसरं कुणी पुढं येऊन हात मिळवतं, वस्ताद दोघांना शेजारी उभं करून नजरेनं जोड ठरवतो. बस, झाली कुस्ती सुरू.

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम सुरू होण्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मोठे संघ फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या छोट्या मैदानांवर सराव सामने खेळतात. निकालाला फारसं महत्त्व नसतं, तरी लोक आवडीनं जातात. खेळाडू जवळून दिसतो, नवं पोरगं कोण आलंय ते कळतं. आपल्याकडे महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा भरते, पाडव्यानंतर गावोगावचे फड लागतात. हे आपले सराव सामनेच म्हणा ना. फरक एवढाच, की तिथं ठरलेले खेळाडू खेळतात आणि इथं खेळाडू ठरायचा असतो.

हा फड आपल्याला फुकट मिळालेला नाही, हेही सांगायला हवं. निजामाच्या राज्यात १९२९ च्या गश्ती निशान ५३ नं सभांवर बंधनं आली, हे आपण मुक्तिसंग्रामाच्या धड्यात वाचलं. पण त्या काळात खाजगी आखाडा काढायलाही सरकारी परवानगी लागायची. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहामागच्या तक्रारींत आखाड्यांवरची ही बंधनंही होती. पोरांनी मातीत जोर-बैठका मारणं हासुद्धा तेव्हा संशयाचा विषय होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते दडपण गेलं.

पुढं १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळांच्या पुढाकारानं राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली. १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरीचा पहिला किताब औरंगाबादच्या मैदानात दिनकर दह्यारींनी जिंकला. आणि १९६९ ला अधिवेशन आपल्या लातुरात भरलं. महाराष्ट्र केसरी झाले निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. आपल्याच जिल्ह्याच्या मातीत, आपल्याच माणसांसमोर! दुसऱ्याच वर्षी, १९७० ला, याच पैलवानानं एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. १९७७ ला बेळगावात सतपालला हरवलं, त्या कुस्तीची गोष्ट जुनी माणसं अजून रंगवून सांगतात.

बिराजदार मामा पुढं पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली लातूर जिल्ह्यातल्याच साई गावचे काका पवार घडले, अर्जुन पुरस्कारापर्यंत गेले. मामा २०११ ला गेले. त्यांचाच पठ्ठा, बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे, काका पवारांच्या तालमीत पुढं तयार झाला. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं सुवर्ण जिंकलं, २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य. जानेवारी २०२० ची महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत आठवा. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि आपल्या लातूरचा शैलेश शेळके, दोघंही काका पवारांचेच. शैलेश हरला, पण जिंकलेल्या हर्षवर्धननं त्याला खांद्यावर उचलून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा.

छाती फुगते हे लिहिताना. पण एक गोष्ट टोचतेही. बिराजदार मामा कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेले, पुढची पिढी पुण्याला गेली. जावंच लागतं. मॅट तिकडं, कोच तिकडं, अंगाला अंग घासायला तोडीचे जोडीदार तिकडं. शिवाय दूध-तूप-बदामाचा खुराक आणि तालमीचा खर्च. कोरडवाहू शेतकऱ्यानं पोराला एवढ्या लांब पाठवायचं, तर आधी कुणीतरी त्याला सांगावं लागतं, "पोरात दम आहे, पाठवा." हे सांगणारा माणूस भेटतो कुठं? रेवडीच्या कुस्तीत. मैदानाच्या कडेला बसलेला एखादा म्हातारा वस्ताद पोराची पकड बघतो, पडल्यावर कसं उठतं ते बघतो, आणि बापाला बाजूला घेतो.

आणि नेमकं तेच आपण मोडीत काढतोय. लोकवर्गणी जमते, पण तिचा मोठा वाटा एक-दोन नावाजलेल्या जोडींवर जातो. त्यात गैर नाही, गर्दी त्यांच्यामुळंच येते. पण मग पाहुणे, फेटे, शाली, भाषणं. दिवस कलायला लागला की माईकवरून सांगतात, "लहान कुस्त्या आवरा!" त्या दिवशीही तेच झालं. दुपारपासून उभ्या असलेल्या पोरांपैकी निम्मी न लढताच कपडे घालून घरी गेली.

दोष फक्त कमिट्यांना देऊन चालणार नाही. मीही त्यात आहे. वीस वर्षं यात्रेच्या बातम्या लिहितोय. माझ्या बातमीत उद्घाटक असतात, प्रमुख पाहुणे असतात, शेवटच्या कुस्तीचा विजेता असतो. नारळ जिंकणाऱ्या पोराचं नाव मी कधी छापल्याचं आठवत नाही.

म्हणून यात्रा कमिट्यांना आणि सरपंच मंडळींना तीनच गोष्टी मागतो. एक, लहान कुस्त्यांना पहिले दोन तास द्या, सत्कार नंतर. दोन, वर्गणीतला ठरावीक हिस्सा त्यांच्यासाठी आधीच बाजूला काढा. तीन, एक साधी वही ठेवा: पोराचं नाव, गाव, वय, कुणाशी लढलं, काय झालं. दोन-तीन वर्षांनी ती वही एखाद्या वस्तादाच्या हातात द्या, मग बघा.

माझ्या बाजूनं सुरुवात केलीय. त्या दिवशी एका पोरानं आपल्यापेक्षा वीतभर उंच पोराला एकलंगी भरून चितपट केलं. नारळ आणि वीस रुपये मिळाले. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून म्हणालं, "काका, पेपरात येईल का?" नाव आणि गाव लिहून घेतलंय.

तुमच्या गावची यात्रा अजून व्हायची असेल, तर तारीख खाली लिहा. जमेल तिथं येतो, आणि तीनच्या आत येतो.